पाट्यांवरून वाचायचे बेट : मॉरिशसचा मोटारप्रवास आणि स्थलनामांचा अभ्यास

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला :
(१) स्थलनामांमधील भाषिक थर म्हणजे काय, ते उदाहरणांसह स्पष्ट करता येईल;
(२) लोकव्युत्पत्ती आणि शास्त्रीय व्युत्पत्ती यांतील फरक सांगता येईल;
(३) मॉरिशसमधील मराठीच्या स्थितीवरून भाषापालटाची प्रक्रिया समजून घेता येईल;
(४) आपल्या परिसरातील एखाद्या रस्त्याचे भाषिक निरीक्षण करता येईल.

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मार्गदर्शकाविना, स्वतः मोटार चालवत एखादा प्रदेश पाहणाऱ्या प्रवाशाला दोनच गोष्टींचा आधार असतो : हातातील नकाशा आणि रस्त्याकडेच्या पाट्या. सहलीच्या बसमध्ये बसलेल्या माणसाच्या कानावरून गावांची नावे नुसती जातात. मोटार चालवणाऱ्याला मात्र ती वाचावी लागतात, नकाशाशी ताडून पाहावी लागतात, विचारताना उच्चारावीही लागतात. स्थलनामांच्या अभ्यासाला आवश्यक असलेली सावधानता त्याच्या अंगी आपोआप येते.

नांदेड-लातूर भागातील विद्यार्थ्यांना अशा वाचनासाठी दूर जावे लागत नाही. लातूर, देगलूर, माहूर या नावांच्या शेवटी येणारा ‘ऊर’ हा गाव या अर्थाचा शब्द कन्नड आणि तेलुगू या दोन्ही भाषांत आहे. राष्ट्रकूटांच्या लेखांतील ‘लत्तलूर’ हे नाव अभ्यासक लातूरशी जोडतात. धर्माबाद आणि हिमायतनगर ही नावे हैदराबाद संस्थानाच्या फारसी-उर्दू वळणाची आठवण देतात. यांपैकी हिमायतनगरचे ‘वाढोणा’ हे जुने नाव लोकांच्या बोलण्यातून अजून पुरते गेलेले नाही. अधूनमधून लागणारा एखादा ‘तांडा’ बंजारा समाजाच्या वस्तीची खूण सांगतो. म्हणजे तासा-दोन तासांच्या प्रवासात तीन-चार भाषांचे थर नजरेखालून जातात.

मात्र आपल्याकडील हे थर फार जुने आणि एकमेकांत मिसळलेले आहेत. कोणते नाव केव्हा आले, हे पुष्कळदा ठामपणे सांगता येत नाही. त्यामुळे ही पद्धत शिकण्यासाठी थरांच्या तारखा ठाऊक असलेला एखादा प्रदेश निवडणे सोयीचे ठरते. हिंदी महासागरातील मॉरिशस हे बेट तसे आहे. डच लोक तेथे येण्यापूर्वी बेटावर कायमची मानवी वस्ती नव्हती. त्यामुळे पाटीवरचे जवळजवळ प्रत्येक नाव गेल्या सुमारे चारशे वर्षांत कोणीतरी दिलेले आहे. शिवाय त्या बेटावर मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. आपल्या दृष्टीने हे दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे.

विषय-विवेचन

१. बेट आणि रस्ता

मॉरिशस मादागास्करच्या पूर्वेस आहे. विषुववृत्तापासून नांदेड जितके उत्तरेस आहे, जवळजवळ तितकेच हे बेट दक्षिणेस आहे. दोन्ही ठिकाणे उष्ण कटिबंधातीलच, फक्त ऋतू उलटे. आपल्याकडे मृग नक्षत्र लागते तेव्हा तेथे हिवाळा सुरू झालेला असतो, आणि नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ असतो. बेटाची लांबी सुमारे ६५ किलोमीटर आणि रुंदी सुमारे ४५ किलोमीटर आहे. नांदेड ते लातूर हे अंतर त्या लांबीच्या दुपटीहून अधिक भरते. तीन-चार दिवसांत हे बेट मोटारीने सावकाश पाहून होते.

तेथे वाहने आपल्याप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. मोठ्या रस्त्यांवर वर्तुळाकार चौक बरेच आहेत, आणि त्यांत उजवीकडून येणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी लागते. आतील रस्ते अरुंद आहेत. साधारणपणे जून ते डिसेंबर या ऊसतोडणीच्या हंगामात उसाने भरलेली वाहने वाटेत भेटतात. तोडणीपूर्वी उंच वाढलेल्या उसामुळे वळणापलीकडचे दिसत नाही. लातूरकडील वाचकाला या दोन्ही गोष्टी नव्याने सांगायला नकोत. भाड्याची मोटार आणि वाहन-परवाना यांविषयीचे चालू नियम निघण्यापूर्वी तपासून घ्यावेत.

२. आग्नेय किनारा : डच आणि फ्रेंच थर

विमानतळ बेटाच्या आग्नेयेस आहे. तेथून जवळच व्ह्यू ग्राँ पोर हे गाव आहे. या भागात डच १५९८ मध्ये उतरले. त्यांनी आपल्या मॉरिस या राजपुत्राच्या नावावरून बेटाचे नाव ठेवले. १६३८ मध्ये त्यांनी वसाहत केली, ऊस आणि हरिणे जावा बेटावरून आणली, आणि १७१० मध्ये बेट कायमचे सोडले. त्यांच्या किल्ल्याचे अवशेष येथे आहेत. मात्र पाट्यांवर डच शब्द क्वचितच सापडतात. बेटाचे नाव टिकले आणि ऊस टिकला, भाषा टिकली नाही.

१७१५ मध्ये फ्रेंचांनी बेटाचा ताबा घेतला. आज दिसणारी बहुसंख्य नावे त्यांची आहेत. जवळचे माहेबूर हे शहर माहे द लाबूर्दोने या फ्रेंच गव्हर्नरच्या नावाने ओळखले जाते. येथे एक सावधगिरी शिकण्यासारखी आहे. मराठवाड्यातील कानाला ‘माहेबूर’ हे नाव ‘माहूर’ किंवा ‘लातूर’ यांच्या पंक्तीतले वाटेल. पण त्यातील ‘बूर’ हा नगरवाचक फ्रेंच शब्द आहे. द्राविडी ‘ऊर’शी त्याचा काही संबंध नाही. ध्वनिसाम्य म्हणजे नाते नव्हे, हा व्युत्पत्तिशास्त्रातील पहिला नियम येथे एकाच पाटीवरून समजतो.

३. पठारावरून : नाव आणि त्याचा अर्थ

आग्नेयेकडून राजधानी पोर्ट लुईकडे जाणारा महामार्ग मधल्या पठारावरून जातो. येथील फ्रेंच नावे बहुधा निसर्गावरून किंवा जमिनीच्या व्यवहारावरून पडली आहेत. ‘कात्र बोर्न’ म्हणजे चार सीमादगड. ‘वाकोआ’ हे केवड्याच्या कुळातील एका झाडाचे नाव. ‘त्रू ओ सेर’ म्हणजे हरिणांचा खळगा : ते एका निद्रिस्त ज्वालामुखीचे मुख आहे, आणि नावातील हरिणे डचांनी आणलेल्या हरिणांची आठवण देतात. एक भाषा गेली, तरी तिच्या लोकांनी आणलेला प्राणी दुसऱ्या भाषेतील नावात राहिला.

‘क्युरपीप’ या शहराच्या नावाची कथा वेगळी आहे. किनाऱ्यावरून येणारे प्रवासी येथे विसावा घेत आणि तंबाखूची चिलीम साफ करीत, म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. दुसरे मत असे, की हे नाव फ्रान्समधील एका गावावरून घेतले आहे. नावाच्या आवाजातून रचलेल्या पहिल्या प्रकारच्या स्पष्टीकरणाला लोकव्युत्पत्ती म्हणतात. ती खोटी ठरली तरी टाकाऊ नसते. लोक आपल्या गावाविषयी काय समजतात, हे तिच्यातून कळते. फक्त ती पुरावा म्हणून वापरता येत नाही.

४. राजधानी : कोणाची नावे पाटीवर आली नाहीत

१८१० मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकले. शरणागतीच्या अटींनुसार रहिवाशांचा धर्म, कायदे आणि चालीरीती तशाच ठेवण्यात आल्या. म्हणून सत्ता इंग्रजांची झाली तरी नावे फ्रेंचच राहिली. आजही तेथील विधिमंडळाची अधिकृत भाषा इंग्रजी आहे, वृत्तपत्रे प्रामुख्याने फ्रेंचमध्ये निघतात आणि लोक एकमेकांशी क्रिओल बोलतात. मळ्यांवरील गुलाम आणि त्यांचे फ्रेंच मालक यांच्या संपर्कातून ही भाषा घडली. तिचा शब्दसंग्रह मुख्यतः फ्रेंच आहे, पण व्याकरण स्वतःचे आहे. ‘मो पे मांझे’ म्हणजे मी जेवतो आहे, ‘मो ती मांझे’ म्हणजे मी जेवलो. क्रियापद तसेच राहते आणि काळ वेगळ्या शब्दाने दाखवला जातो.

१८३५ मध्ये बेटावर गुलामगिरी संपली आणि मळ्यांना मजूर हवे झाले. १८३४ पासून १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख भारतीय करारबद्ध मजूर या मार्गाने आले. पोर्ट लुईच्या बंदरातील ‘आप्रवासी घाट’ हे त्यांचे उतरण्याचे ठिकाण. १८४९ मध्ये ते उभारले गेले आणि २००६ मध्ये त्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. तेथील सोळा पायऱ्या चढून मजूर नोंदणीसाठी जात. बहुतेक जण भोजपुरी प्रदेशातून कलकत्त्यामार्गे आले, तमिळ व तेलुगू भाषक मद्रासमार्गे आले, आणि मराठी भाषक मुंबईमार्गे आले. मराठी मजुरांत कोकणातील लोक अधिक होते. ज्या बंदरातून माणूस चढला, त्या बंदराचे नाव त्याला चिकटले. म्हणून तेथे मराठी समाजाला ‘बाँबे’ म्हणण्याची रीत पडली.

लेखनिक मजुराचे नाव कानाने ऐकून रोमन लिपीत उतरवीत, आणि पुढे ते नावच वंशजांचे आडनाव होई. बेटाचे पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांचे नाव रोमन लिपीत ‘सीवूसागर’ असे वाचले जाईल अशा रीतीने लिहितात. मराठी पुरुषनामांच्या शेवटचा आदरार्थी ‘जी’सुद्धा असाच आडनावाचा कायमचा भाग होऊन राहिला. गावांच्या नावांत मात्र भारतीय थर पातळ आहे. ‘बेनारेस’, ‘ब्रह्मस्थान’, ‘गोकुळा’ अशी थोडी नावे आढळतात. त्याउलट अनेक वस्त्यांच्या नावांत ‘कां’, म्हणजे तळ किंवा मजुरांची वस्ती, हा फ्रेंच शब्द आहे. जे तेथे राबले, त्यांना नाव ठेवण्याचा अधिकार नव्हता. पाटी वाचताना हे ध्यानात ठेवावे : नाव कोणी दिले ते ती सांगते, जमीन कोणी कसली ते सांगत नाही.

स्वातंत्र्यानंतर, म्हणजे १२ मार्च १९६८ नंतर, हे चित्र काहीसे बदलले. विमानतळाला आणि पाम्प्लमूस येथील जुन्या वनस्पती-उद्यानाला रामगुलामांचे नाव मिळाले. पाम्प्लमूस म्हणजे आपले पपनस. पठारावरील ‘ग्राँ बासँ’ या सरोवराला ‘गंगा तलाव’ हे नाव रूढ झाले. महाशिवरात्रीला बेटाच्या सर्व भागांतून लोक तेथे पायी जातात.

५. पश्चिम किनारा : मराठी कोठे आहे?

पोर्ट लुईहून दक्षिणेकडे निघालेला रस्ता रिव्हिएर न्वार, म्हणजे ‘काळी नदी’ या नावाच्या जिल्ह्यात जातो. या भागातील कास्कावेल गावाशी मराठी समाजाचा जुना संबंध आहे. रस्त्याच्या शेवटी ल मोर्न हा डोंगर समुद्रात घुसलेला दिसतो. पळून आलेले गुलाम त्याच्या कड्यांच्या आश्रयाने राहत. २००८ मध्ये तोही जागतिक वारसास्थळ झाला.

या संपूर्ण वाटेवर मराठी गावनाव शोधणाऱ्याची निराशा होईल. मराठी तेथे आहे, पण पाटीवर नाही. ती आडनावांत आहे, गणेशोत्सवात आहे आणि कोकणातील जाखडीशी नाते सांगणाऱ्या ‘झाकरी’ या नृत्यगीतात आहे. गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते. मराठी शाळेतही ऐच्छिक विषय म्हणून शिकवली जाते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत पदवीपर्यंत मराठीचा अभ्यास करता येतो, आणि मजुरांच्या आगमनाची जुनी दप्तरेही तेथेच जतन केलेली आहेत. म्हणजे तुम्ही ज्या पदवीसाठी हा घटक वाचत आहात, तशा पदवीसाठी त्या बेटावरही कोणीतरी अभ्यास करीत असते. फरक इतकाच, की त्या विद्यार्थ्याच्या घरात बहुधा क्रिओल बोलली जाते.

एखादा समाज दैनंदिन व्यवहारासाठी आपली भाषा सोडून दुसरी स्वीकारतो, या प्रक्रियेला भाषापालट म्हणतात. तो एका दिवसात होत नाही. भाषेची वापरक्षेत्रे एकेक करून कमी होतात : आधी बाजार, मग शेजार, मग मुलांचे खेळ, आणि शेवटी स्वयंपाकघर. उरतात ती पूजा, लग्न, सण आणि वर्ग. मॉरिशसमधील मराठी समाजाने ही शेवटची क्षेत्रे दीडशेहून अधिक वर्षे सांभाळली आहेत. मूळ देशापासून इतक्या दूर, संख्येने इतक्या लहान समाजाने हे करावे, ही सामान्य गोष्ट नाही. परंतु ज्या भाषेत कोणी भाजीचा भाव विचारीत नाही आणि रुसलेल्या मुलाची समजूत घालीत नाही, ती भाषा आदराने जपली गेली तरी बोलली जाईलच असे नाही. शाळा भाषेला आधार देऊ शकते, घराची जागा घेऊ शकत नाही.

सारांश

स्वतः वाहन चालवत केलेला प्रवास हे भाषानिरीक्षणाचे चांगले साधन आहे. मॉरिशसमध्ये डच, फ्रेंच, इंग्रज आणि भारतीय यांचे थर कालानुक्रमे ओळखता येतात. स्थलनामे सत्तेचा इतिहास ठळकपणे सांगतात. श्रमाचा इतिहास मात्र आडनावे, गाणी, सण आणि दप्तरे यांतून शोधावा लागतो. भाषेचे अस्तित्व तिच्या वापरक्षेत्रांवर अवलंबून असते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न व उपक्रम

(१) ‘माहेबूर’ आणि ‘माहूर’ या उदाहरणांच्या आधारे ध्वनिसाम्य व व्युत्पत्ती यांतील फरक स्पष्ट करा.
(२) ब्रिटिश सत्ता येऊनही मॉरिशसमध्ये फ्रेंच नावे का टिकली?
(३) भाषापालटाची प्रक्रिया तुमच्या माहितीतील एखाद्या कुटुंबाच्या उदाहरणाने मांडा. कुटुंबाचे नाव लिहू नका.
(४) उपक्रम : नांदेड-देगलूर किंवा लातूर-निलंगा-औराद शहाजानी या रस्त्याने मोटारीने, दुचाकीने किंवा एस.टी.ने जा. वाहन तुम्ही चालवीत असाल, तर नोंद सोबत्याला करू द्या. वाटेतील प्रत्येक गावाचे पाटीवरील नाव आणि गावकऱ्यांच्या तोंडचे नाव अशा दोन रकान्यांत नोंद करा. दोन्हींत फरक आढळेल तेथे थांबून गावातील एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीला कारण विचारा. त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. ते लोकव्युत्पत्ती आहे की काय, हे नंतर ठरवा.