जाळे विणणारे हात आणि केळीचा धागा

विणकाम म्हटले की लोकर आठवते आणि लोकर म्हटली की लुधियाना. रत्नागिरीच्या दमट हवेत स्वेटर घालणार कोण? म्हणून आपल्याकडे हा विषय क्रोशाच्या टोप्या आणि तान्ह्या मुलांचे मोजे यांपाशी संपतो. परंतु ताग, अंबाडी, केळी, अननस यांच्या धाग्यांपासून विणलेल्या वस्तूंची विचारणा मुंबईच्या काही दुकानदारांकडून आमच्या कानावर आली. यात आपल्या कारागिरांची रोजी निघेल का, हे पाहण्यासाठी आम्ही चौकशी केली.

हा हुन्नर आपल्याला अगदीच परका नाही. नायलॉनचा प्रसार होण्यापूर्वी, म्हणजे साधारण १९६०च्या दशकापर्यंत, आपल्या किनाऱ्यावरची जाळी तागाच्या आणि कापसाच्या सुताची असत. ती हातानेच विणली जात आणि ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढली जात, म्हणजे खाऱ्या पाण्यात धागा लवकर कुजत नसे. नायलॉन आले, काढ्याची भांडी अडगळीत गेली. बोटांची सवय मात्र अनेक घरांत टिकली. जाळ्यापासून कपडा निघतो याचा दाखलाही आहे. नॉर्वेच्या लष्करातील हेन्रिक ब्रुन या अधिकाऱ्याने १९३३ साली मासे पकडण्याच्या जुन्या जाळ्यांपासून जाळीदार बनियन तयार केली. पुढे तशीच बनियन सुताची विणून जगभर विकली गेली.

केळीच्या धाग्याबद्दल सध्या फार बोलले जाते. घड उतरल्यावर केळीचा बुंधा बागेत कुजून जातो. त्याच्या सोपटाने हार-गजरे बांधणे आपल्याला ठाऊक आहे. तेच सोपट यंत्रावर खरवडले की लांब, चमकदार तंतू मिळतात. आपल्या जहाजी मंडळींना मनिला दोर माहीत आहे. तो दोर फिलिपिन्समधील केळीच्याच एका भाईबंदाचा, अबाकाचा. जपानच्या ओकिनावा बेटावर तर केळीच्या तंतूंचे उंची कापड हातमागावर विणतात आणि १९७४ साली तेथील सरकारने त्या कलेला सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. तेथील कारागीर बाहेरचे जाड सोपट बाजूला ठेवतात आणि आतल्या कोवळ्या सोपटाचा तंतू कपड्यासाठी निवडतात. आपल्याकडे सगळे सोपट एकत्र खरवडले तर मिळणारा माल दोरीच्या लायकीचा असतो.

असा केळीच्या धाग्याचा एक गुंडा घेऊन आम्ही मिरकरवाड्यात एका वयोवृद्ध खालांकडे गेलो. त्यांचे बालपण जाळी विणण्यात गेले, आता त्या टोप्या विणतात. त्यांनी चार ओळी विणल्या, सुई खाली ठेवली आणि म्हणाल्या, "हा दोर आहे बाबा, सूत नाही. बोटे कापतील."

खालांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. लोकरीचा तंतू तुटण्यापूर्वी साधारण ३० टक्के किंवा अधिक लांबतो आणि सोडला की परत येतो. कापसाचा तंतू ५ ते १० टक्के लांबतो, अळशीसारखे खोडाचे तंतू जेमतेम २ ते ३ टक्के. जाळ्यात प्रत्येक घराला गाठ असते, म्हणून धागा ताठ असला तरी चालते. सुईच्या विणीत मात्र गाठ नसते. एका फासातून दुसरा फास ओढायचा असतो. ताण न घेणारा धागा तेथे सुईला घासतो, तुसे काढतो आणि विणलेला कपडा ओला झाला की स्वतःच्या वजनाने खाली लोंबतो. म्हणून केळीचा धागा कापसात मिसळूनच घ्यावा आणि आधी एक वीतभर तुकडा विणून, धुऊन, टांगून, वाळल्यावर मोजावा. हा तुकडा न विणता ऑर्डर घेणे म्हणजे आंधळा सौदा. (आपल्या उशांत भरतो तो सावरीचा कापूस पाहूनही अनेकांना मोह होतो. तो इतका गुळगुळीत आणि ठिसूळ असतो की नुसत्या सावरीचे सूत निघत नाही.)

आता फसवणुकीविषयी. आम्ही एका दुकानातून 'शुद्ध बांबूचे नैसर्गिक सूत' म्हणून मऊसूत लडी चांगल्या चढ्या भावाने घेतली. ते निघाले व्हिस्कोस. म्हणजे बांबूचा लगदा रसायनात विरघळवून यंत्राने काढलेला धागा, रेयॉनचाच प्रकार. अमेरिकेत अशाच मालावर 'बांबू' लिहून विकल्याबद्दल चार मोठ्या विक्रेत्यांनी २०१३ साली मिळून १२ लाख ६० हजार डॉलर दंड भरण्याचे मान्य केले होते. परदेशी माल पाठवू इच्छिणाऱ्या बांधवांनी चिठ्ठीवर काय छापतो याकडे नीट लक्ष द्यावे.

परीक्षा घरी करता येते. धाग्याचे टोक जाळा. केस जळाल्याचा वास आला तर लोकर किंवा रेशीम. वितळून कडक मणी झाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. कागद जळाल्याचा वास आणि मऊ राख ही वनस्पतीची खूण. पण व्हिस्कोसही असेच जळते. तेव्हा धागा ओला करून तोडून पाहा. कापूस ओला झाल्यावर अधिक मजबूत होतो, व्हिस्कोस जवळजवळ निम्मी ताकद गमावते. मोठा सौदा असेल तर माटुंग्याच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेकडून नमुना तपासून घ्यावा. १९२४ साली सुरू झालेली ही संस्था केळीच्या तंतूवरही काम करते.

राहिला भावाचा प्रश्न. समजा एका पिशवीला सात तास लागले आणि तासाचे ४० रुपये धरले, तर मजुरीच २८० रुपये झाली. त्यावर सूत, वाया गेलेला माल, दुकानदाराचे कमिशन. तिरुपूरच्या यंत्रांशी साध्या बनियनमध्ये टक्कर घेणे आपल्याला परवडणारे नाही, आणि चाळीसच्या खाली मजुरी पाडून ऑर्डर मिळवणे आम्हाला मान्य नाही. त्यात घरातल्या बायकांचे डोळे आणि वेळ फुकट धरले जातात. यंत्राला न जमणारी मोकळी, मोठ्या घरांची वीण, म्हणजे पिशव्या, जाळीदार ओढण्या, तेवढ्यात जागा दिसते. पावसाळ्यात वनस्पतीच्या धाग्याला बुरशी धरते, हे धरून माल जूनपूर्वी हलवावा.

खालांनी अर्धा कापूस, अर्धी केळी अशा सुताची एक पिशवी विणायला घेतली आहे. टोपीसाठी मात्र त्यांनी कापसाचेच सूत मागवले.