खाणीतला धाव

गुडगावच्या गुरू द्रोणाचार्य मेट्रो स्थानकापासून अरवली बायोडायव्हर्सिटी पार्क जवळच आहे. आकार साधारण ३९० एकर. इथली टेकडी वर्षानुवर्षं फोडली गेली. दिल्ली-गुडगावच्या इमारतींना लागणारी खडी आणि रेती अशाच खाणींतून गेली. २०१० साली, ५ जूनला, ‘आय ॲम गुडगाव’ या नागरिकांच्या गटाने महापालिकेबरोबर इथे काम सुरू केलं, तेव्हा हाती होते खड्डे, दगडचुऱ्याचे ढीग आणि वेडी बाभूळ.

ही वेडी बाभूळ म्हणजे इथली विलायती कीकर. हिरवी तर आहे, मग काढायची कशाला, असं पाहणाऱ्याला वाटतंच. तिच्या दाट झुडपाखाली वाकून बघावं. गवत विरळ, दुसऱ्या झाडाचं रोप क्वचित. शिवाय नुसती वरून तोडली तर दुप्पट जोमाने फुटते, त्यामुळे बुंध्याचा गड्डा मातीखालून खणून काढावा लागतो. कष्टाचं आणि वेळखाऊ काम. ते टप्प्याटप्प्यानेच होऊ शकतं.

खरा प्रश्न त्यानंतरचा होता: लावायचं काय? अरवलीची अस्सल झाडं बाजारातल्या रोपवाटिकांत सहसा मिळत नाहीत. म्हणून या उद्यानाचं काम पाहणारे विजय धस्माना आणि त्यांचे सहकारी शिल्लक राहिलेली जुनी जंगलं हिंडले. जवळचंच मांगर बनी त्यातलं एक. गुदडिया दास बाबांवरच्या श्रद्धेपोटी तिथल्या गुज्जर गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यावर कुऱ्हाड चालवलेली नाही, आपल्याकडच्या देवरायांसारखंच. कोणत्या उतारावर कोणतं झाड, कोणाच्या शेजारी कोण, हे तिथे बघायचं, बिया गोळा करायच्या आणि स्वतःच्या रोपवाटिकेत रुजवायच्या. मला या सगळ्या खटाटोपातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. झाडं लावण्याआधी त्यांनी जंगल वाचलं.

मी गेले ते पावसाळ्यात. डोक्यावरून सतत विमानं जात होती. पायवाट सोडून एका उघड्या खडकाशी उकिडवी बसले. खडकाच्या भेगेत जेमतेम मूठभर माती, आणि तीत धाव. आपल्या धावड्याचा हा सख्खा भाऊ. पानं बोटाच्या पेराएवढी, फांद्या खाली झुकलेल्या. धावाचं बी बहुतेक पोकळ निघतं. खूप पेरावं तेव्हा थोडं उगवतं. पण एकदा खडकाला धरलं की सहसा सोडत नाही. शेळ्यांनी सतत ओरबाडलं तर तो वर जात नाही, दगडाला चिकटून चटईसारखा पसरतो, तसाच जिवंत राहतो. चराई थांबली की त्याच चटईतून एखादा शेंडा सरळ वर निघतो. माझ्यासमोरचा धाव छातीएवढा झाला होता. खालच्या फांद्या अजून जमिनीवरच रेलल्या होत्या.

कड्याच्या माथ्यावर, जिथे माती नावालाच असते, तिथली जागा सालईची आणि कांडोळाची. सालईची साल कागदासारखी सुटते, पान चुरगळलं की वास येतो. मेळघाटात फिरलेल्यांना तिची ओळख सांगायला नको. खाणीच्या तळाशी मात्र वेगळाच हिशोब. तिथे गाळ आणि ओल साठते, म्हणून पळस आणि कळंब तिथे. एकाच खड्ड्याच्या काठावर आणि तळात दोन निराळी जंगलं. सरसकट एकाच जातीची रोपं लावून आकडे फुगवणाऱ्या प्रत्येक वृक्षारोपण समारंभाच्या आयोजकांना हा खड्डा दाखवायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

मध्यंतरी या जागेतून महामार्ग न्यायचा घाट घातला गेला, तेव्हा शहरातली माणसं, अगदी शाळेतली मुलंसुद्धा, विरोधात उभी राहिली. २०२२मध्ये अभयारण्य नसूनही जैवविविधता जपणारी देशातली पहिली जागा म्हणून तिची अधिकृत नोंद झाली.

लावलेली झाडं जगली, हे आता दिसतंच. यापुढे बघायचं ते कोणी न लावलेलं रोप. पळसाच्या शेंगा वाऱ्याने उडतात, हिवराच्या शेंगा नीलगायी खातात आणि बी दुसरीकडे टाकतात. ही झाडं आपली आपण पसरू शकतात. धावाचं तसं नाही. त्याची आपसूक रुजलेली पिढी दिसायला किती पावसाळे लागतील, ते त्या पोकळ बियांवर आणि चराईवरच्या पहाऱ्यावर अवलंबून आहे.