किआन्ती : रिकाम्या पोटीं आणि भरल्या पानावर

मद्याचा विषय निघाला कीं तो निषेधानेंच संपावयाचा, ही आमच्या घरची तीन पिढ्यांची रीत. त्यामुळें इटलींतील सिएना येथें विद्याभ्यासासाठीं राहिलेल्या आमच्या पुतण्यानें, बिऱ्हाडाच्या यजमानीणबाईंकडे रात्रीच्या पंक्तीस द्राक्षमद्याचा पेला असतो, असें सरळपणें कळविलें, तेव्हां आम्हीं त्यास खरमरीत पत्र धाडलें. उत्तर एका ओळीचें आलें : "काका, एकदां येऊन पाहा, मग रागवा." योगायोगानें त्याच वर्षीं आमचें तिकडे जाणें झालें. जें पाहिलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

फ्लॉरेन्स आणि सिएना यांमधील डोंगराळ मुलुखास किआन्ती म्हणतात, आणि तेथील तांबड्या मद्यासही तेंच नांव. या मुलुखाच्या सीमा तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो यानें १७१६ सालीं आंखून दिल्या. इटलीचे पंतप्रधानपद दोनदां भूषविलेले बेत्तीनो रिकासोली यांनीं आपल्या ब्रोलियो येथील मळ्यांत प्रयोग करून १८७२ सालीं एका पत्रांत मिश्रणाचें तत्त्व सांगितलें. सांजोव्हेझे या काळ्या द्राक्षानें सुगंध व जोम येतो. कानायोलोनें त्याचा कठोरपणा निवतो. आणि जें मद्य लवकर प्यावयाचें त्यांतच पांढरें मालव्हाझिया घालावें. पुढें पांढऱ्या द्राक्षांचा अतिरेक होऊन मद्य पांचट होऊं लागलें. आतां या मुलुखाच्या गाभ्यांतील 'किआन्ती क्लासिको'मध्यें निदान ८० टक्के सांजोव्हेझे लागतें, आणि २००६ पासून पांढरीं द्राक्षें त्यांत वर्ज्य आहेत. काळ्या कोंबड्याची मुद्रा ही तिची ओळख.

यजमानीणबाईंनीं पेला तृतीयांशच भरला. तो पांढऱ्या मेजपोसावर धरून आधीं रंग पाहावयाचा. तो माणकासारखा होता. मग पेला हळूच फिरवून वास घ्यावयाचा. आम्हांस चेरीच्या फळाचा आणि किंचित् वाळलेल्या पाल्याचा वास आला. वाचकांपासून कांहींच लपवावयाचें नाहीं. आम्हीं एक घोट घेतला. जीभ आंबली, आणि ओली सुपारी चघळावी तसें तोंड कोरडें पडलें. "यासाठीं का एवढा थाट?" असें आम्हीं म्हणालों. पुतण्या हंसला. "काका, अजून पान वाढलें नाहीं."

पान वाढलें गेलें. तोस्कानाचा बिनमिठाचा पाव, ऑलिव्हचें तेल, मेंढीच्या दुधाचें पेकोरीनो चीज आणि रिबोल्लीता. रिबोल्लीता म्हणजे शिळा पाव, पांढरा घेवडा व काळपट कोबी यांचें पुन्हां उकळलेलें दाट कढण. चीजचा तुकडा खाऊन आम्हीं दुसरा घोट घेतला. तुरटपणा मावळला होता, आंबटपणानें तोंड स्वच्छ झालें होतें, आणि फळाची चव आतां कोठें कळूं लागली.

यांत जादू नाहीं. द्राक्षाच्या सालींत व बियांत टॅनिन नांवाचें तुरट द्रव्य असतें. तें लाळेंतील प्रथिनांस धरतें, म्हणून तोंड वाळतें. चीज किंवा मांस बरोबर असलें कीं त्यांतील प्रथिनें व स्निग्धांश त्याची धार बोथट करतात. आंबटपणाचें काम तेलातुपाचा जडपणा तोडण्याचें. आपल्याकडे जड जेवणावर आमसुलाचें सार घेतात, त्यामागेंही हाच विचार आहे. टोमॅटोचे आंबट पदार्थ किआन्तीस मानवतात, कारण तीही आंबट. अन्न अधिक आंबट व मद्य मवाळ असेल तर मद्य निर्जीव लागतें. पक्वान्नाबरोबर मात्र ती कडवट व आंबट लागते, आणि मिरचीच्या तिखटानें तिचा दाह वाढतो. आपल्या आमटीरश्श्याशीं तिचें जमावयाचें नाहीं, हें उघड आहे. तोस्कानाचें मद्य तोस्कानाच्या अन्नासाठींच घडलें आहे.

जेवण दीड तास चाललें. आम्ही चौघे होतों. बाटली अर्धीच सरली, आणि बाईंनीं बूच लावून ती दुसऱ्या दिवसासाठीं ठेविली. आमच्या पत्रांतील साऱ्या उपदेशाचें उत्तर आम्हांस त्या बुचांत मिळालें.

याचा अर्थ आम्हीं आमची रीत सोडली असा कोणीं घेऊं नये. मद्याचें कोणतेंही प्रमाण आरोग्यास निर्धोक नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय शाखेनें २०२३ सालीं स्पष्ट सांगितलें आहे, आणि आमच्या घरांत बाटली यावयाची नाहीं. परंतु न पाहतां, न चाखतां दिलेला निकाल एकट्या घोटासारखाच अपुरा असतो. जो गुण एकटा असतां दोष भासतो, तोच पंक्तीस बसला म्हणजे उपयोगी पडतो. एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस हें निराळें सांगावयास नको.

घरीं परततांच दादांनीं विचारलें, "काय, पोरगा बिघडला काय?"

आम्हीं म्हणालों, "दादा, तो कसा जेवतो तें पाहून आलों. काळजी नसावी."