गाणं फुकट, हिशेब पै-पैचा

१० जुलै २००८ रोजी ॲपलचं ॲप स्टोअर उघडलं, तेव्हा त्यात जेमतेम पाचशे ॲप होती. त्यातलंच एक होतं पँडोरा. आवडत्या गायकाचं किंवा गाण्याचं नाव टाकायचं, की त्याच धाटणीची गाणी एकामागोमाग सुरू. खिशात हात घालायची गरज नाही. बघता बघता हा इंटरनेट रेडिओ अमेरिकेतल्या सर्वांत आवडत्या ॲपमध्ये जाऊन बसला. आणि त्याच उन्हाळ्यात पँडोराचे संस्थापक टिम वेस्टरग्रेन जाहीरपणे सांगत होते, की रॉयल्टीचे दर असेच राहिले तर गाशा गुंडाळावा लागेल.

ऐकणारा म्हणतो, फुकट आहे. कंपनी म्हणते, रॉयल्टीने कंबरडं मोडलं. कलाकार म्हणतात, आमच्या हाती काहीच पडत नाही. तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण या तिन्ही तक्रारींच्या मधल्या जागेत गैरसमजांचं रान माजलं आहे.

गैरसमज : रॉयल्टी म्हणजे गायकाचे पैसे.

वस्तुस्थिती : कायद्याच्या नजरेत एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही पहिली. ती गीतकार-संगीतकाराची किंवा त्यांच्या प्रकाशकाची. ते गाणं स्टुडिओत गाऊन-वाजवून तयार झालेलं ध्वनिमुद्रण ही दुसरी. ती सहसा रेकॉर्ड कंपनीची, आणि गायक-वादकांचा वाटा तिच्यातून निघतो. दोन्हींची वसुली करणाऱ्या संस्था वेगळ्या आणि दरही वेगळे.

अमेरिकेत शब्द-चालीची रॉयल्टी १९१४ साली स्थापन झालेल्या ॲस्कॅप या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेपासून वसूल होत आली आहे. पण ध्वनिमुद्रणासाठी तिथलं एएम-एफएम रेडिओ स्टेशन आजही एक छदाम देत नाही. गाणं वाजलं की रेकॉर्ड खपते, ही जाहिरातच झाली, असा रेडिओवाल्यांचा जुना युक्तिवाद आहे आणि तो आजवर टिकून आहे. ‘रिस्पेक्ट’ हे गाणं अरिथा फ्रँकलिनने अजरामर केलं. ते लिहिलं होतं ओटिस रेडिंगने. अमेरिकन रेडिओवर ते वाजलं की पैसे रेडिंगच्या बाजूला जात, अरिथाला या प्रसारणाचं काहीच मिळत नसे. डिजिटल रेडिओवरही तिची पंचाईतच होती, कारण हे ध्वनिमुद्रण १९७२ पूर्वीचं. १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना डिजिटल रॉयल्टीचं संरक्षण देणाऱ्या केंद्रीय कायद्यावर सही झाली ऑक्टोबर २०१८ मध्ये. अरिथा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारली होती.

गैरसमज : एफएम काय आणि इंटरनेट रेडिओ काय, दोन्हीकडे हिशेब सारखाच.

वस्तुस्थिती : एफएमचा मनोरा लहरी सोडतो, त्या दहा जण पकडतात की दहा लाख, हे स्टेशनला कळत नाही. इंटरनेटवर मात्र प्रत्येक ऐकणाऱ्याकडे गाण्याचा स्वतंत्र प्रवाह जातो आणि सर्व्हरवर त्याची नोंद राहते. एफएमचा हिशेब कार्यालयाच्या भाड्यासारखा, तर इंटरनेट रेडिओचा पंगतीत मांडलेल्या पानांसारखा. जितकी पानं, तितके पैसे.

अमेरिकी काँग्रेसने १९९५ च्या कायद्याने ध्वनिमुद्रणाला डिजिटल प्रसारणापुरता हक्क दिला आणि १९९८ मध्ये इंटरनेट रेडिओला वैधानिक परवान्याच्या चौकटीत आणलं. वैधानिक परवाना म्हणजे प्रत्येक रेकॉर्ड कंपनीच्या दारात न जाता, सरकारी मंडळाने ठरवलेला दर भरून कोणतंही गाणं वाजवण्याची मुभा. हा दर कॉपीराइट रॉयल्टी बोर्डाचे तीन न्यायाधीश ठरवतात. एएम-एफएमचा मनोरा या हक्कातून वगळला गेला. पण तेच स्टेशन आपला कार्यक्रम ॲपवर सोडू लागलं, की त्या प्रवाहासाठी त्यालाही पैसे भरावे लागतात.

खरा भडका उडाला मार्च २००७ मध्ये. बोर्डाने दर जाहीर केला : एका श्रोत्याने ऐकलेल्या एका गाण्यामागे २००६ साठी ०.०८ सेंट, आणि चढत चढत २०१० मध्ये ०.१९ सेंट. आकडा चिमुकला दिसतो. पण तासाला पंधरा गाणी वाजवणाऱ्या स्टेशनवर दिवसरात्र सरासरी हजार श्रोते असतील, तर दिवसाला ३ लाख ६० हजार वेळा मोजणी होते. २०१० च्या दराने हे दिवसाचे ६८४ डॉलर आणि वर्षाचे जवळपास अडीच लाख डॉलर झाले. तेच गाणं लाखो लोकांना ऐकवणाऱ्या एफएम स्टेशनला ध्वनिमुद्रणापोटी शून्य! २६ जून २००७ रोजी अनेक इंटरनेट स्टेशनांनी दिवसभर गाणी बंद ठेवून निषेध केला. पुढे काँग्रेसने तडजोडीला वाट करून देणारे कायदे केले आणि जुलै २००९ मध्ये समझोता झाला. पँडोरासारख्या सेवांनी एक तर उत्पन्नाच्या २५ टक्के द्यायचे किंवा गाण्यामागे ठरलेला सवलतीचा दर, यांपैकी जे जास्त असेल ते. पँडोरा वाचलं ते या समझोत्यामुळे.

गैरसमज : सगळा पैसा रेकॉर्ड कंपन्याच गिळतात.

वस्तुस्थिती : वैधानिक परवान्यातून येणाऱ्या पैशाची वाटणी कायद्यातच लिहिलेली आहे. साउंडएक्स्चेंज ही ना-नफा संस्था तो गोळा करते. वसुलीचा खर्च वजा जाता ५० टक्के ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला आणि ५ टक्के साथीचे वादक व कोरसमधल्या गायकांच्या निधीला जातात. मुख्य कलाकाराचा हिस्सा रेकॉर्ड कंपनीच्या हातातून जात नाही; थेट त्याच्या खात्यावर येतो. कंपनीने दिलेली उचल फिटलेली नसली, तरी कंपनीला त्यातून कापून घेता येत नाही. २०२१ मध्ये जाहिरातींवर चालणाऱ्या सेवेचा दर गाण्यामागे ०.२१ सेंट होता. म्हणजे एक लाख वेळा गाणं ऐकलं गेलं तर २१० डॉलर, आणि त्यातले साधारण ९४ मुख्य कलाकाराचे.

अन्याय झालाच असेल तर तो भलत्याच ठिकाणी झाला. पँडोराच्या उत्पन्नाचा निम्म्याहून मोठा भाग रॉयल्टीत जात असतानाही त्यातलं बहुतेक ध्वनिमुद्रणाच्या वाट्याला जाई. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ॲस्कॅपच्या गीतकार-संगीतकारांसाठी पँडोराचा दर ठरवला, उत्पन्नाच्या अवघा १.८५ टक्के. एफएमवर गायक उपाशी, तर ॲपवर गीतकार अर्धपोटी.

गैरसमज : गाणं बदलायचं बटण काही वेळाने बंद पडतं, ती पैसे उकळायची युक्ती.

वस्तुस्थिती : पँडोराच्या फुकट सेवेत एका स्टेशनवर तासाला सहाच गाणी पुढे ढकलता येत. लोक वैतागत. पण स्वस्तातला वैधानिक परवाना मिळतो तो फक्त रेडिओसारख्या, म्हणजे श्रोत्याच्या हुकमावर न चालणाऱ्या सेवेला. हवं ते गाणं हवं तेव्हा लावता आलं, की तो रेडिओ राहत नाही आणि कंपन्यांशी वेगळे करार करावे लागतात. कायद्याची कलमं बारीक आहेत. तीन तासांत एकाच अल्बममधली तीनपेक्षा जास्त गाणी वाजवायची नाहीत आणि त्यातली सलग दोनच. एका कलाकाराची चारपेक्षा जास्त नाहीत आणि त्यातली सलग तीनच. पुढे कोणती गाणी लागणार, याची यादी आधी जाहीर करायची नाही.

महिन्याला ४० तासच ऐकण्याची मर्यादाही रॉयल्टीमुळेच आली. पँडोराने ती २००९ मध्ये घातली, नंतर सैल केली आणि २०१३ मध्ये मोबाइलवरच्या फुकट श्रोत्यांसाठी पुन्हा आणली. गाण्यामागचे दर तीन वर्षांत २५ टक्क्यांनी वाढल्याचं कारण कंपनीने दिलं. जो सर्वांत जास्त ऐकतो, तो श्रोता कंपनीला सर्वांत महाग पडत होता. जाहिरातींतून तेवढं निघत नव्हतं.

गैरसमज : ॲप फक्त रस्ता दाखवतं, त्यामुळे जगातलं कोणतंही स्टेशन कुठूनही ऐकता यायला हवं.

वस्तुस्थिती : जगभरची स्टेशनं एकत्र करणाऱ्या ट्यूनइन या ॲपने हाच बचाव ब्रिटनमध्ये मांडला होता : आम्ही स्टेशन चालवत नाही, शोधून देतो. वॉर्नर आणि सोनी या कंपन्यांनी त्याविरुद्ध दावा लावला. २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने आणि २०२१ मध्ये अपील न्यायालयाने मुख्य मुद्द्यावर कंपन्यांच्या बाजूने निकाल दिला. ब्रिटनसाठी परवाना नसलेली परदेशी स्टेशनं तिथल्या श्रोत्यांपर्यंत पोचवणं हा हक्कभंग ठरला. या खटल्यापायी ट्यूनइनने ब्रिटनमध्ये परदेशी स्टेशनं बंद केली. पृथ्वीचा गोल फिरवून स्टेशन निवडायला लावणाऱ्या रेडिओ गार्डननेही २०२२ मध्ये तोच मार्ग धरला.

लंडनमधल्या मराठी माणसाला एखाद्या ॲपवर मुंबईचं स्टेशन लागत नसेल, तर बिघाड फोनचा असेलच असं नाही. हक्क देशागणिक विकले जातात. अमेरिकी वैधानिक परवाना सीमेपलीकडे चालत नाही, म्हणून तर पँडोराने २००७ मध्येच बहुतेक देशांतल्या श्रोत्यांना दार बंद केलं. भारतात ते कधी आलंच नाही.

गैरसमज : छोट्या, हौशी, नफा न कमावणाऱ्या स्टेशनला सगळं माफ.

वस्तुस्थिती : सवलत आहे, माफी नाही. २०२१ ते २०२५ या काळात अमेरिकेत प्रत्येक स्टेशनला वर्षाला किमान हजार डॉलर भरावे लागत. ना-नफा स्टेशनला तेवढ्यात महिन्याला १,५९,१४० श्रोता-तासांपर्यंत प्रसारण करता येई, म्हणजे कोणत्याही क्षणी सरासरी २१८ श्रोते. त्यापुढे मीटर चालू. हजारो हौशी स्टेशनांना आसरा देणारी लाइव्ह३६५ ही सेवा जानेवारी २०१६ अखेर बंद पडली, कारण छोट्या प्रसारकांच्या सवलतीची मुदत २०१५ बरोबर संपली होती आणि गुंतवणूकदारांनीही हात काढून घेतला. नव्या मालकाने ती २०१७ मध्ये पुन्हा सुरू केली.

गैरसमज : भारतातही हेच नियम लागू आहेत.

वस्तुस्थिती : इथे चित्र जवळजवळ उलटं आहे. अमेरिकेत इंटरनेट रेडिओला वैधानिक परवाना आहे. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कॉपीराइट कायद्याचं कलम ३१-ड तो परवाना देतं रेडिओ आणि दूरचित्रवाणीला. इंटरनेटचं काय, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात पोचला तो टिप्स ही संगीत कंपनी विरुद्ध विंक म्युझिक हे ॲप, या खटल्यात. २०१९ मध्ये न्यायमूर्ती काथावाला यांनी निकाल दिला, की ३१-ड इंटरनेटवरच्या प्रसारणाला लागू नाही. सरकारी खात्याने २०१६ मध्ये इंटरनेटही त्यात येतं असं पत्रक काढलं होतं, ते न्यायालयाने मानलं नाही. २०२२ मध्ये खंडपीठाने हा निकाल कायम केला. त्यामुळे भारतातल्या ॲपला ध्वनिमुद्रणाच्या मालकाशी सौदा करूनच गाणं वाजवावं लागतं.

एफएमलाही इथे अमेरिकेसारखी सूट नाही. त्यांना ध्वनिमुद्रणाचे पैसे द्यावे लागतातच. शिवाय शब्द आणि चालीची रॉयल्टीही द्यावी लागेल, असं मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेच्या दाव्यात स्पष्ट केलं. गायकांची लढाई त्याहून जुनी. साठच्या दशकात लता मंगेशकरांनी गायकांनाही रॉयल्टी हवी असा आग्रह धरला, मोहम्मद रफींना तो पटला नाही, आणि काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. गायकांच्या रॉयल्टीला कायद्याचा भक्कम आधार मिळायला २०१२ उजाडावं लागलं.

गैरसमज : जुनी गाणी कुणाच्याही मालकीची नसतात.

वस्तुस्थिती : भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो, तर शब्द आणि चालीवरचा हक्क निर्मात्याच्या निधनानंतर ६० वर्षं. म्हणून १९६० ची तबकडी मोकळी झाली, तरी तिच्यातलं गाणं मोकळं झालं असं होत नाही. गीतरामायण आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून पहिल्यांदा प्रसारित झालं ते १९५५-५६ मध्ये. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, सुधीर फडके २००२ मध्ये. म्हणजे शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आणि चालींवरचा २०६२ अखेरपर्यंत. पंधरा-वीस सेकंदांचा तुकडा वापरला तर चालतं, असा नियमही ना भारतात आहे ना अमेरिकेत.

मराठी गाण्यांचं इंटरनेट स्टेशन काढू पाहणाऱ्याने म्हणूनच दोन परवानग्यांची तजवीज आधी करावी : शब्द-चालीसाठी आयपीआरएसकडे, ध्वनिमुद्रणासाठी त्याच्या मालक कंपनीकडे किंवा ध्वनिमुद्रणाचे परवाने देणाऱ्या पीपीएलकडे. आणि स्वतःची गाणी स्वतः मुद्रित करणाऱ्या मराठी कलाकारांनी आणखी एक काम करावं. अमेरिकी इंटरनेट रेडिओवर ती वाजत असतील, तर त्यांचे पैसे साउंडएक्स्चेंजकडे जमा होतात. परदेशी कलाकारांनाही तिथे नोंदणी करता येते आणि तिला शुल्क नाही. पण न मागितलेली रक्कम कायमची राखून ठेवण्याचं बंधन त्या संस्थेवर नाही. तीन वर्षं उलटली की तो हक्क गमावला जाऊ शकतो.