रॅगिंग : एकच कृत्य, दोन नावे

महाविद्यालयात नव्याने आलेल्या विद्यार्थ्याचा वरिष्ठांकडून होणारा छळ हा विषय आपल्याकडे बहुधा विधी, मानसशास्त्र अथवा शिक्षणशास्त्र यांच्या अभ्यासकांकडे सोपविला जातो. भाषेच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, या विषयातील एक मोठा अन्याय हा मुळात नामकरणाचा अन्याय आहे. एकच कृत्य एका ठिकाणी घडले म्हणजे त्यास ‘रॅगिंग’ म्हणतात. तेच दुसऱ्या ठिकाणी घडले म्हणजे त्यास ‘शिस्त’ म्हणतात. नाव बदलले की तक्रारीचा मार्ग बदलतो आणि शिक्षाही बदलते. हे कसे घडते, ते प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम एक कल्पित उदाहरण घेऊ. वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यातून दोन विद्यार्थी एका मोठ्या शहरातील महाविद्यालयात जातात. एक वसतिगृहात राहतो. दुसऱ्याची कबड्डीच्या संघात निवड होते. पहिल्यास वरिष्ठ विद्यार्थी मध्यरात्री उठवितात, अंगठे धरून उभे करतात, आपले कपडे धुवावयास लावतात आणि त्याला वऱ्हाडीत भाषण करावयास सांगून हसतात. दुसऱ्यास सराव-शिबिरात संघातील वरिष्ठ खेळाडू नेमके हेच करावयास लावतात. पहिल्याची तक्रार आली तर रॅगिंग-प्रतिबंधक समिती बसते. दुसऱ्याची तक्रार बहुधा येतच नाही. आलीच तर ती क्रीडाशिक्षकापर्यंत जाते आणि ‘संघातले आपसांतले प्रकरण’ म्हणून तेथेच मिटते. दोन्ही विद्यार्थ्यांच्या वाट्यास आलेला अपमान मात्र सारखाच आहे.

आता शब्दांकडे वळू. ‘रॅगिंग’ हा शब्द इंग्लंडमधील विद्यार्थ्यांच्या बोलीतून आपल्याकडे आला. तेथे त्याचा अर्थ दंगामस्ती, थट्टा असा होता. अमेरिकेत याच प्रकारास ‘हेझिंग’ म्हणतात. हा शब्द खलाशांच्या भाषेतला असून, खलाशास छळण्यासाठी त्यास निरर्थक व कष्टाचे काम लावणे असा त्याचा जुना अर्थ होय. म्हणजे एका शब्दाचे मूळ थट्टेत आहे व दुसऱ्याचे जाचात आहे. मराठीत छळ, जाच, थट्टा, टवाळी, कुचेष्टा असे अनेक शब्द असूनही आपण ‘रॅगिंग’ हाच शब्द स्वीकारला. याचा एक परिणाम असा झाला की, तो शब्द वसतिगृह आणि व्यावसायिक महाविद्यालये यांना चिकटून राहिला. मैदान, तालीम, शिबिर या स्थळांसाठी आपली स्वतंत्र शब्दसंपत्ती आधीच सिद्ध होती: शिस्त, सेवा, मेहनत, वस्तादाचा मान. हे शब्द मुळात चांगलेच आहेत. तालमीत नवा पठ्ठा हौद्यातली माती उकरतो, थोरल्या मल्लाचे अंग रगडून देतो, यात विद्या घेण्याची एक जुनी रीत आहे. परंतु चांगल्या शब्दाच्या आश्रयाने वाईट कृत्यही सुखेनैव वावरते, ही भाषाव्यवहारातील नित्याची गोष्ट आहे.

कायद्याने हा भेद केलेला आहे काय? महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंध अधिनियम १९९९ सालचा आहे. त्यातील व्याख्या पाहिली तर तीत कृत्याचा व परिणामाचा विचार आहे. विद्यार्थ्यास शारीरिक वा मानसिक इजा, भीती, लाज अथवा संकोच उत्पन्न करणारे वर्तन हे रॅगिंग होय; चिडविणे, शिवीगाळ, धमकी, अंगचेष्टा आणि विद्यार्थी एरवी स्वखुशीने करणार नाही असे काही करावयास सांगणे, ही सर्व त्यात येतात. हे कृत्य संस्थेच्या आवारात घडो वा बाहेर, बंदी सारखीच आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी असून, दोषी ठरलेल्या विद्यार्थ्यास पाच वर्षे अन्यत्र प्रवेश मिळत नाही. तक्रारीची दखल न घेणारा संस्थाप्रमुखही अपराधास साहाय्य करणारा समजला जातो. या मजकुरात ‘मैदान वगळून’ असे कोठेही म्हटलेले नाही.

तथापि दोन नियमांची शब्दरचना शेजारी ठेवून वाचली असता एक भेद दृष्टीस पडतो. १९९९ च्या अधिनियमात छळ सोसणारा विद्यार्थी असावा लागतो. छळ करणारा मात्र ‘जो कोणी’ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांत रॅगिंग म्हणजे विद्यार्थ्याने वा विद्यार्थ्यांनी केलेले वर्तन अशी मांडणी आहे. यावरून, प्रशिक्षकाने स्वतः केलेला अथवा करविलेला छळ पहिल्या व्याख्येत सहज बसतो, दुसरीत तितक्या सहजतेने बसत नाही. आणि जो मुलगा कोणत्याच संस्थेचा विद्यार्थी नाही, केवळ गावच्या तालमीत वा खाजगी क्रीडामंडळात सराव करतो, तो या दोहोंच्याही बाहेर राहतो. त्याच्यासाठी सामान्य फौजदारी कायदा आहे. पण त्याच्या दुःखाला ‘रॅगिंग’ हे नाव नाही.

नाव आणि अनुभव यांत केवढे अंतर पडते, याचा पुरावा अमेरिकेतील अभ्यासांत मिळतो. तेथील महाविद्यालयांत ग्रीक अक्षरांची नावे धारण करणारी विद्यार्थ्यांची बंधुमंडळे असतात व त्यांतील प्रवेशविधी कुप्रसिद्ध आहेत. आल्फ्रेड विद्यापीठाने १९९९ मध्ये महाविद्यालयीन खेळाडूंची पाहणी केली. संघात प्रवेश करताना आक्षेपार्ह प्रकार सोसावे लागले, असे सांगणारे सुमारे ८० टक्के होते. पण ‘तुमचे हेझिंग झाले काय’ असे सरळ विचारता होय म्हणणारे केवळ १२ टक्के निघाले. पुढे २००८ मध्ये एलिझाबेथ ॲलन व मेरी मॅडन यांनी ५३ संस्थांतील अकरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे प्रकार सोसलेल्यांचे प्रमाण खेळाडूंच्या संघांत ७४ टक्के आणि बंधुमंडळांत ७३ टक्के आढळले. वास्तव जवळजवळ समसमान. लोकापवाद मात्र एकट्या बंधुमंडळांच्या वाट्यास.

शिक्षेतही हा भेद उमटतो. २०१७ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात प्रवेशविधीच्या रात्री एका विद्यार्थ्यास जीवघेणी इजा झाली, तेव्हा ते बंधुमंडळ तेथून कायमचे हद्दपार झाले. २०२३ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉल संघात असे प्रकार आढळल्यावर प्रथम प्रशिक्षकास दोन आठवड्यांचे निलंबन मिळाले. वृत्तपत्रांत बोभाटा झाल्यावर काही दिवसांतच त्यांस काढण्यात आले, पण संघ त्या हंगामात खेळला. एका प्रकरणात मृत्यू होता, दुसऱ्यात नव्हता, हे विसरून तुलना करणे योग्य नव्हे. तरी मंडळ मोडता येते व संघ मोडता येत नाही, ही मनोभूमिका त्यातून कळते. डिसेंबर २०२४ मध्ये तेथे संमत झालेल्या केंद्रीय कायद्याने ‘विद्यार्थी संघटना’ या संज्ञेत बंधुमंडळांबरोबर क्रीडासंघ व वाद्यवृंद यांचा नावानिशी उल्लेख केला. नामकरणाचा दोष नामकरणानेच दूर करण्याचा हा प्रयत्न होय.

आपल्याकडे खेळाडू गप्प का राहतो, याची कारणे उघड आहेत. वसतिगृहातील वरिष्ठाच्या हाती कनिष्ठाचे गुण नसतात. संघात मात्र निवड, खेळण्याची संधी आणि शिफारस ही प्रशिक्षक व कर्णधार यांच्या शब्दावर अवलंबून असतात. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. वाशीमसारख्या जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने स्पर्धेचे प्रमाणपत्र हा पोटापाण्याचा एक मार्ग असतो, आणि तक्रार म्हणजे त्या मार्गावर स्वहस्ते धोंडा टाकणे होय. शिवाय संघ दहा-बारा जणांचा. तक्रार कोणी केली हे लपत नाही. २००९ च्या विनियमांनी दोषी ओळखता न आल्यास सामूहिक शिक्षेची तरतूद केली आहे. वसतिगृहात तिचा धाक उपयोगी पडतो. संघात मात्र ती शिक्षा तक्रार करणाऱ्याच्याच अंगावर येते, कारण संघ बाद झाला की तोही बाद होतो.

हा प्रकार केवळ मैदानापुरता नाही. मे २०१९ मध्ये मुंबईच्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. त्या प्रकरणी तीन वरिष्ठ डॉक्टरांवर रॅगिंग प्रतिबंध अधिनियम व अत्याचार प्रतिबंधक कायदा यांखाली आरोप ठेवण्यात आले. कामाच्या भाराला रॅगिंग म्हणावयाचे काय, असा प्रश्न त्या वेळी आरोपींच्या बाजूने विचारला गेला. त्यांच्या दोषादोषाचा निर्णय न्यायालयाचा आहे. येथे केवळ वाद कोणत्या शब्दांत मांडला गेला ते लक्षात घ्यावयाचे. मैदानावर ज्यास ‘शिस्त’ म्हणतात, रुग्णालयात त्यास ‘काम’ म्हणतात.

यावर एक आक्षेप येईल. कठोर मेहनतीवाचून खेळाडू घडत नाही. मग प्रत्येक कष्टास छळ म्हणावयाचे काय? तसे मुळीच नाही. भेद ओळखण्यास तीन प्रश्न पुरेसे आहेत. ते कष्ट खेळाच्या कौशल्यास उपयोगी आहेत काय? संघातील जागा न गमावता ते नाकारता येतात काय? आणि वरिष्ठ स्वतः तेच कष्ट करतो काय? पहाटे सर्वांबरोबर दहा फेऱ्या धावणे ही मेहनत होय. मध्यरात्री एकट्यानेच अंगठे धरून उभे राहणे हा छळ होय, मग तो कोणत्याही छपराखाली घडो.

अखेरीस आपल्या भूमीविषयी. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरात लावला आहे, आणि ‘वच्छोमी’ ही काव्यरीती या नगराच्या नावाने ओळखली गेली. त्याच प्रदेशातला विद्यार्थी आज ‘मले’, ‘तुले’ म्हणाला, ‘शाळा’ऐवजी ‘शाया’ म्हणाला, की तो करमणुकीचा विषय होतो. २०१६ मध्ये आयोगाने विनियमांत दुरुस्ती करून भाषिक ओळख, प्रादेशिक मूळ, निवासस्थान, जात व आर्थिक स्थिती यांवरून होणारा छळही रॅगिंग ठरविला. म्हणजे बोलीची टवाळी आता निरुपद्रवी गंमत राहिलेली नाही. ती वसतिगृहात जशी निषिद्ध, तशीच संघाच्या मोटारीतही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीम येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. नव्या महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीस वरिष्ठ नसतात. तेथे परंपरा अद्याप घडावयाची असते. ही संधी थोड्या संस्थांना लाभते. जिल्ह्यातील जुन्या महाविद्यालयांनाही एक गोष्ट सहज करता येईल: प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी व पालक जे रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र देतात, त्याबरोबर वसतिगृह, क्रीडासंघ, शिबिर व सहल ही स्थळे नावानिशी वाचून दाखवावीत, आणि खेळाडूची तक्रार क्रीडाशिक्षकाकडे न जाता सरळ समितीकडे जाईल अशी व्यवस्था करावी. मानोऱ्याचे ते दोन विद्यार्थी एकाच दारात उभे राहून एकाच शब्दात आपले गाऱ्हाणे सांगू शकतील, तेव्हाच त्यांना सारखा न्याय मिळेल.