केस रंगवले म्हणून बाळ गेलं नाही

मागच्या महिन्यात एका वस्तीतल्या समाजमंदिरात महिलांची आरोग्य बैठक घेतली. बैठक संपली, चहा झाला, बायका पांगल्या. एक जण मात्र सतरंजीची घडी घालत रेंगाळली. वय २६. सगळ्या गेल्याची खात्री करून हळूच म्हणाली, "सिस्टर, एक विचारू? मीच मारलं का हो माझ्या बाळाला?"

गेल्या वर्षी तिसऱ्या महिन्यात तिचा गर्भ पडला होता. त्याआधी पंधरा दिवस दिराचं लग्न होतं. डोक्यात पांढरे केस दिसू लागले होते, म्हणून तिने काळा डाय लावला. तेव्हापासून सासूबाई म्हणतात, "डोक्यात विष घातलंस, तेच पोटात उतरलं." वर्षभर ती हा आरोप उरावर घेऊन जगत होती.

तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते. कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

डाय पोटापर्यंत पोचतो का?

बहुतेक काळ्या डायमध्ये पॅरा-फेनिलीनडायअमाईन, म्हणजे पीपीडी, नावाचं रसायन असतं. काहींत अमोनिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइडही असतं. डोक्याची कातडी धड असेल, जखम-खरूज नसेल, तर तिच्यातून रक्तात जाणारा अंश फार थोडा असतो. या रसायनांचा अपाय दिसला तो प्रचंड मात्रेत. दोन-तीन महिन्यांतून एकदा केस रंगवताना शरीरात जाणारा अंश त्यापुढे काहीच नाही. ब्रिटनची सरकारी आरोग्य सेवासुद्धा गरोदरपणात केस रंगवणं बहुतांशी सुरक्षित मानते. तरीही पहिले १२ आठवडे थांबलेलं बरं, कारण बाळाचे अवयव याच काळात घडतात. ही खबरदारी आहे. ज्या बाईने नकळत त्या काळात डाय लावला, तिने गुन्हा केलेला नाही.

मग गर्भ पडतो कशाने?

दिवस गेल्याचं कळल्यानंतर १०० पैकी साधारण १० ते २० गर्भ आपोआप पडतात. त्यातले बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच. यांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांची मांडणी सुरुवातीलाच बिघडलेली असते. त्याला ना बाईचं खाणं कारण असतं, ना तिचं चालणं, ना तिचा डाय. पुन्हा पुन्हा गर्भपात होत असेल तर नवरा-बायको दोघांनी तपासण्या करून घ्याव्यात. "हिनेच काहीतरी केलं" हे निदान नव्हे.

इथे माझीही चूक कबूल करते. वॉर्डात ड्युटीवर असताना गरोदर बाईचं डायने काळं झालेलं कपाळ बघून मी ओरडले आहे, "कशाला लावलास?" का लावू नये, ते मात्र कधी समजावलं नाही. आमच्या अशा अर्धवट ओरडण्यातूनच घरच्यांच्या हाती काठी जाते.

रंगवायचेच असतील तर

तिसरा महिना संपू द्या. आधी वापरलेला असला तरी ४८ तास अगोदर थोडासा डाय कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. गरोदरपणात कातडी नाजूक होते. खाज, पुरळ, सूज आली तर तो डाय वापरू नका. हातमोजे घाला. खिडकी-दार उघडं ठेवा. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका आणि डोकं स्वच्छ धुवा. अंगावर पाजणाऱ्या आईलाही हीच काळजी पुरते.

मेंदी लावायची असेल तर पानांची शुद्ध मेंदी घ्या. तिचा रंग तांबूस-तपकिरी येतो. "काळी मेंदी" म्हणून जे विकतात, त्यात बहुधा पीपीडीच असतं. डोहाळजेवणाला हातावर काळ्या मेंदीचा कोन मुळीच नको. त्याने कातडीवर फोड येतात आणि पुढे आयुष्यभर डायची ॲलर्जी राहू शकते.

एक धोका मात्र खराच जिवावरचा आहे. डाय पोटात गेला तर गळा आणि जीभ सुजून श्वास कोंडतो, पुढे मूत्रपिंडं निकामी होतात. त्यावर नेमका उतारा नाही. म्हणून पाकीट मुलांच्या हाती लागेल असं मोरीच्या फळीवर ठेवू नका. पोटात गेलाच, तर घरगुती उपाय करत न बसता १०८ ला फोन करा आणि मोठ्या सरकारी रुग्णालयात न्या.

पार्लरमध्ये काम करणाऱ्या मुलींसाठी

आपल्या कितीतरी मुली पार्लरचा कोर्स करून घर चालवतात. गिऱ्हाईक महिन्यातून एकदा डाय लावतं, त्या रोज चार-पाच डोकी रंगवतात. त्यांनी गरोदरपणात उघड्या हाताने डाय कालवू नये. खोलीत वारा खेळता हवा. डबा तिथे खाऊ नये आणि मधूनमधून बसायला मिळायलाच हवं. केस सरळ करण्याच्या काही क्रीममधून गरम केल्यावर फॉर्मल्डिहाइडचा धूर निघतो. ते काम त्या महिन्यांत दुसरीकडे सोपवा. मालकिणीकडे हे मागताना संकोच करू नका.

काळजी करायची तर याची करा

डायवरून वर्षभर भांडणाऱ्या घरात मिशेरीची डबी मात्र उघड्यावर असते. मिशेरी म्हणजे तंबाखू, आणि तंबाखूने बाळाचं वजन घटतं, बाळ पोटात दगावण्याचा धोका वाढतो. हे पुरतं सिद्ध झालेलं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर महिलांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणून पहिले तीन महिने फोलिक ॲसिड आणि चौथ्या महिन्यापासून निदान १८० दिवस लोहाची गोळी चुकवू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर महिलांची सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. तिथे हिमोग्लोबिन विचारून घ्या. ते ११ च्या खाली असेल तर उपचार सुरू व्हायला हवेत.

आणि कमी वयात केस पिकत असतील तर रंगवण्याआधी डॉक्टरांना दाखवा. ते बरेचदा घराण्यातच असतं, पण कधी बी-१२ ची कमतरता किंवा थायरॉईडचा बिघाडही निघतो. गरोदरपणात या दोन्हींवर उपचार व्हायलाच हवेत.

त्या ताईला हे सगळं सांगून रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन ८.४ निघालं. गर्भ पडला तेव्हापासून घरात डायची चर्चा रोज होती, रक्त मात्र कुणी तपासलं नव्हतं. पुढच्या बैठकीला ती सासूबाईंना घेऊन आली. त्या मागे बसून सगळं ऐकत होत्या. निघताना म्हणाल्या, "सिस्टर, गोळ्या कधी घ्यायच्या ते मला सांगा. हिच्या ध्यानात राहत नाही."