शेवटच्या सामन्याची कळ

१४ मार्च २०२४. मुंबईत वानखेडे स्टेडियमवर रणजी करंडकाच्या अंतिम सामन्याचा पाचवा दिवस. विदर्भापुढे ५३८ धावांचं लक्ष्य होतं. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये एवढं मोठं लक्ष्य तोवर कुणीच गाठलेलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी खेळ थांबला तेव्हा फलकावर ५ बाद २४८ होते. मग सकाळी कर्णधार अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे यांनी उपाहारापर्यंत एकही गडी पडू दिला नाही. वाडकरचं शतक झालं. धावसंख्या ५ बाद ३५३ वर गेली आणि नागपूरकरांच्या मनात ‘होते का काय बे?’ हा प्रश्न जागा झाला. तेवढ्यात तनुष कोटियनच्या चेंडूवर वाडकर पायचीत झाला आणि त्याच्यासह उरलेले पाचही गडी अवघ्या १५ धावांत बाद झाले. सर्वबाद ३६८. मुंबई १६९ धावांनी जिंकली. हे तिचं ४२वं विजेतेपद.

थंड डोक्यानं पाहिलं तर हा सामना पाचव्या दिवशी गेलाच नव्हता. पहिल्या डावात विदर्भ १०५ धावांत गुंडाळला गेला, तेव्हाच तो हातातून निसटला होता. पण चाहत्याच्या जिव्हारी लागतात त्या शेवटच्या १५ धावा. असं का होतं, याचा शोध मज्जाशास्त्र, मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र या तिन्ही शाखांतल्या संशोधकांनी गेल्या चार-पाच दशकांत घेतला आहे. त्यांच्या प्रयोगांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: पराभव केवढा आहे यापेक्षा त्याआधी आशा किती चढली होती, यावर चाहत्याची कळ ठरते.

विदर्भाचा संघ रणजीत उतरला तो १९५७-५८च्या हंगामात. नंतरची अनेक दशकं साखळीत हरणं हा जवळजवळ शिरस्ताच होता. हरलो तर वाईट वाटायचं, पण कळ उठत नव्हती. मग १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला फैज फजलच्या नेतृत्वाखाली आणि चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली विदर्भानं दिल्लीला हरवून पहिल्यांदा करंडक उचलला. त्या सामन्यात रजनीश गुरबानीनं हॅट्‌ट्रिक केली होती. पुढच्या वर्षी नागपूरजवळच्या जामठ्याच्या घरच्या मैदानावर सौराष्ट्राविरुद्ध करंडक राखला. आदित्य सरवटेनं त्या सामन्यात ११ बळी घेतले आणि दोन्ही डावांत चेतेश्वर पुजाराला झटपट परत पाठवलं. या दोन विजयांनी नागपूरच्या चाहत्याला आनंद दिलाच, शिवाय अपेक्षाही दिली. तेव्हापासून पराभवाची किंमत वाढली.

मेंदूत हा हिशेब कसा चालतो, ते वोल्फ्राम शुल्ट्झ या मज्जाशास्त्रज्ञाच्या माकडांवरच्या प्रयोगांतून उलगडलं. अचानक फळांच्या रसाचा थेंब मिळाला की माकडाच्या मेंदूतल्या डोपामाइन स्रवणाऱ्या पेशी जोरात चेतायच्या. आधी एक खूण दाखवून मग रस देण्याची सवय लावल्यावर त्या खूण दिसताच चेतू लागल्या आणि प्रत्यक्ष रस मिळताना शांत राहू लागल्या. खूण दाखवून रस दिलाच नाही, तर ज्या क्षणी तो मिळायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी त्यांची हालचाल नेहमीच्याही खाली घसरायची. शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी १९९७ साली त्याचा अर्थ मांडला. या पेशी बक्षीस मोजत नाहीत. अपेक्षित बक्षीस आणि मिळालेलं बक्षीस यांतला फरक मोजतात.

माकडाच्या पेशींवरून जामठ्याच्या प्रेक्षकावर थेट उडी मारता येत नाही. पण हिशेबाची हीच रीत माणसांच्या वागण्यातही दिसते, आणि तिचा सर्वांत अस्वस्थ करणारा पुरावा अमेरिकेतून आला आहे. डेव्हिड कार्ड (यांना पुढे २०२१ सालचं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) आणि गॉर्डन डाल यांनी तिथल्या व्यावसायिक फुटबॉलचे निकाल पोलिसांकडच्या घरगुती हिंसाचाराच्या नोंदींशी ताडून पाहिले. २०११ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा: घरचा संघ जिंकणार असं सट्टेबाजारही धरून चाललेला असताना तो हरला, तर पुरुषांनी पत्नीला किंवा जोडीदार स्त्रीला मारहाण केल्याच्या घटना सुमारे १० टक्क्यांनी वाढत. सामना अटीतटीचा होणार असं आधीच ठाऊक असेल, तर त्यातल्या पराभवानं असा परिणाम दिसत नसे. अनपेक्षित विजयानं हिंसा कमीही होत नसे. पराभव तोच, फरक फक्त अपेक्षेचा. खेळातल्या निराशेकडे ‘त्यात काय एवढं’ म्हणून बघणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवायला हवा, कारण तिचा मार खेळाशी संबंध नसलेल्या बाईला बसतो.

ब्रिटनमध्ये पीटर डॉल्टन आणि जॉर्ज मॅकेरॉन यांनी वेगळी वाट धरली. मोबाइलवरच्या एका अ‍ॅपमधून हजारो लोकांना दिवसात अधूनमधून ‘आत्ता कसं वाटतंय?’ असं विचारलं जात होतं. त्या उत्तरांची सांगड फुटबॉलच्या सामन्यांशी घातल्यावर दिसलं, की आपला संघ हरल्यानंतरचं दुःख जिंकल्यानंतरच्या आनंदाच्या साधारण दुप्पट असतं. नुकसान नफ्यापेक्षा अधिक बोचतं, हे डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वेर्स्की यांनी १९७९ सालीच मांडलं होतं. इथं ते मैदानाबाहेरच्या लाखो नोंदींत उमटलं.

नागपूरचा विषय निघाला की १२ मार्च २०११ टाळता येत नाही. विश्वचषक, जामठा, समोर दक्षिण आफ्रिका. सेहवाग आणि तेंडुलकरची १४२ धावांची सलामी, सचिनच्या १११ धावा. त्याचं ते ९९वं आंतरराष्ट्रीय शतक. चाळिसाव्या षटकात भारत १ बाद २६७. साडेतीनशेच्या पुढची स्वप्नं बघणाऱ्या स्टेडियमनं पुढचे नऊ गडी २९ धावांत पडताना पाहिले. डेल स्टेननं पाच बळी घेतले. तरीही शेवटच्या षटकात आफ्रिकेला १३ धावा हव्या होत्या. रॉबिन पीटरसननं आशिष नेहराच्या पहिल्या चार चेंडूंतच काम उरकलं.

अशा ‘थोडक्यात हुकलेल्या’ निकालांचा सल वेगळाच असतो. व्हिक्टोरिया मेडव्हेक, स्कॉट मेडी आणि टॉमस गिलोविच यांनी १९९२च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमधल्या पदकविजेत्यांच्या चेहऱ्यांचं चित्रण लोकांना दाखवून ते किती आनंदी दिसतात ते विचारलं. कांस्यपदकवाले रौप्यपदकवाल्यांपेक्षा खूश दिसले. तिसरा खेळाडू म्हणतो, पदक तरी मिळालं. दुसऱ्याला दिसतं फक्त हुकलेलं सोनं. हंगामभर साखळीत अडखळणाऱ्या संघाच्या चाहत्यापेक्षा अंतिम फेरीत हरलेल्या संघाचा चाहता जास्त तळमळतो, त्याचं कारण इथं आहे.

चाहत्याच्या शरीरातही सामना खेळला जातो. १९९४च्या फुटबॉल विश्वचषकाचा ब्राझील-इटली अंतिम सामना टीव्हीवर पाहणाऱ्या पुरुषांच्या लाळेचे नमुने अमेरिकेतल्या संशोधकांनी तपासले. जिंकलेल्या ब्राझीलच्या चाहत्यांमध्ये टेस्टोस्टेरॉन सरासरी चौथ्या हिश्शाहून अधिक वाढलं, इटलीच्या चाहत्यांमध्ये जवळपास तेवढंच घटलं. नमुना अगदी लहान होता, म्हणून आकड्यांवर फार भार टाकू नये. दिशा मात्र स्पष्ट होती. पुढे २०११ साली मिना चिकारा, मॅथ्यू बॉटविनिक आणि सुझन फिस्क यांनी बॉस्टन रेड सॉक्स आणि न्यूयॉर्क यँकीज या कट्टर वैरी बेसबॉल संघांच्या चाहत्यांचे मेंदू स्कॅनरमध्ये पाहिले. आपल्या संघाचं अपयश बघताना वेदनेशी जोडलेले भाग जागे झाले आणि वैऱ्याचं अपयश बघताना बक्षिसाचे. नेमक्या त्याच वर्षी रेड सॉक्सनं बाद फेरीच्या शर्यतीत सप्टेंबरच्या सुरुवातीला असलेली नऊ सामन्यांची आघाडी महिन्याभरात गमावली आणि २८ सप्टेंबरला हंगामाच्या शेवटच्या रात्री ते बाहेर पडले. बॉस्टनमध्ये तो सप्टेंबर अजून विसरला गेलेला नाही.

कळ उठली की मन दोषी शोधतं. ‘ऐन वेळी कच खाल्ली’, ‘मोठ्या सामन्याचा खेळाडूच नाही हा’, अशी वाक्यं मग चौकाचौकांत ऐकू येतात. दडपणाखाली खेळ बिघडतो हे खोटं नाही. सरावानं अंगवळणी पडलेल्या हालचालींवर खेळाडू मुद्दाम लक्ष द्यायला लागला की त्या अडखळतात, हे सायन बायलॉक यांच्या गोल्फपटूंवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. पण प्रत्येक घसरणीला हे कारण चिकटवणं अन्यायाचं आहे. पुष्कळदा तिथं निव्वळ संख्याशास्त्र काम करत असतं.

करुण नायरचंच घ्या. २०२४-२५च्या विजय हजारे स्पर्धेत विदर्भाच्या या कर्णधारानं अंतिम सामन्यापूर्वीच्या सात डावांत ७५२ धावा केल्या आणि तो बाद झाला फक्त एकदा. म्हणजे सरासरीही ७५२. संघ अपराजित होता. १८ जानेवारी २०२५ रोजी वडोदऱ्यात कर्नाटकानं ३४८ धावा उभारल्या, नायर २७ वर त्रिफळाचीत झाला, ध्रुव शोरीच्या शतकानंतरही विदर्भाचा डाव ३१२ वर संपला. ३६ धावांनी हार. आता विचार करा, ७५२ ही कुठल्याही फलंदाजाची खरी सरासरी असू शकते का? अतिशय असाधारण कामगिरीनंतरची कामगिरी बहुधा सर्वसाधारण पातळीकडे झुकते. फ्रान्सिस गॉल्टननं १८८६ साली आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीची तुलना करून हा नियम दाखवला होता. नायरच्या त्या २७ धावांत त्याच्या मनोधैर्याचा पुरावा शोधणारे या नियमाकडे डोळेझाक करतात.

आणखी एक गणित आहे, ते सहज सुचत नाही. बाद फेरीत आठ संघ पोचले तर सात जणांचा हंगाम पराभवानंच संपतो. त्यात बाद फेरीतला प्रतिस्पर्धी साखळीतल्या सरासरी संघापेक्षा तगडा असतो. म्हणजे हंगाम जितका यशस्वी, तितका त्याचा शेवटचा सामना अवघड. त्यावर स्मृतीचा खेळ. कोणताही अनुभव आठवताना आपण त्याची बेरीज करत नाही; त्यातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट, एवढ्यावर मत बनवतो. कानेमन यांनी १९९०च्या दशकात वेदनेवर केलेल्या प्रयोगांतून हे समोर आलं. २०११च्या जामठ्यातल्या घसरगुंडीचा राग लवकर विरला, कारण २ एप्रिलला धोनीच्या संघानं वानखेडेवर विश्वचषक जिंकला. शेवट गोड झाला.

मग माणसं तरी संघ का सोडत नाहीत? काही सोडतात. रॉबर्ट चाल्दिनी यांनी १९७६ साली दाखवलं, की विद्यापीठाचा संघ जिंकल्याच्या पुढच्या सोमवारी विद्यार्थी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे अधिक घालतात, आणि बोलताना जिंकल्यावर ‘आपण’ तर हरल्यावर ‘ते’ म्हणण्याकडे कल असतो. पण डॅनियल वॅन आणि नायला ब्रॅन्सकोम यांच्या अभ्यासात कट्टर चाहते असं अंग काढून घेताना दिसले नाहीत. संघ हा त्यांच्या ओळखीचाच भाग झालेला असतो. वॅन यांनी पुढे वर्षानुवर्षं दाखवलं, की स्थानिक संघाशी घट्ट नातं असलेली माणसं एकंदरीत कमी एकटी असतात. दुप्पट दुःखाचा घाटा भरून निघतो तो इथं. विदर्भाच्या चाहत्यांना तर फार थांबावंही लागलं नाही. पुढच्याच हंगामात उपांत्य फेरीत जामठ्यावर मुंबईला ८० धावांनी हरवून, २ मार्च २०२५ रोजी केरळविरुद्धच्या अनिर्णित अंतिम सामन्यात पहिल्या डावाच्या आघाडीवर विदर्भानं तिसरा रणजी करंडक जिंकला. वर्षभरापूर्वी वानखेडेवर झुंजलेल्या हर्ष दुबेनं त्या हंगामात ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम केला.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगायची आहे. २००६च्या फुटबॉल विश्वचषकात म्युनिक परिसरातल्या हृदयविकाराच्या तातडीच्या रुग्णांची नोंद ठेवली गेली. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हे प्रमाण एरवीच्या २.६६ पट होतं, पुरुषांमध्ये तर ३.२६ पट. १९९८ साली इंग्लंड पेनल्टी शूटआउटमध्ये अर्जेंटिनाकडून हरलं, त्या दिवशी आणि पुढच्या दोन दिवसांत तिथल्या रुग्णालयांत हृदयविकाराच्या झटक्याचे रुग्ण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले. तुमच्या घरात हृदयरोगी किंवा रक्तदाबाचा रुग्ण असेल आणि क्रिकेटचा वेडा असेल, तर मोठ्या सामन्याच्या दिवशी त्याची औषधं वेळेवर झाली का ते बघा. सामना बघताना छातीत दुखायला लागलं, डावा हात भरून आला, दरदरून घाम सुटला, तर षटक संपायची वाट बघू नका. १०८ला फोन करा आणि सरळ रुग्णालय गाठा.